वीतभर पत्रा

गॅरेज बंद करून मला दीड वर्ष झालं. गुडघ्यांमुळे का, असं कोणी विचारलं की मी हो म्हणतो. गुडघे दुखतातच, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. या अंकासाठी लिहायला सांगणारे मास्तर फोनवर म्हणाले होते, "तुमची गमतीदार गिऱ्हाइकं येऊ द्या. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी चार दिवस प्रयत्न केला. गमतीची गिऱ्हाइकं होती, नाही असं नाही. गोवा हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने माझ्याकडून एक जुनी गाडी चालू करून घेतली. दोन महिने मी तिच्यावर राबलो. घेऊन गेल्यावर त्याने तिचं इंजिन काढून भंगारात दिलं, छप्पर कापलं आणि आत टेबल टाकून दोघांच्या जेवणाची सोय केली. मला उद्घाटनाला बोलावणं होतं. मी गेलो, त्या गाडीत बसून सोलकढी प्यालो आणि घरी आलो.

असे किस्से पाचपंचवीस सांगता येतील. पण लिहायला बसलं की मन नझीरच्या गाडीपाशीच जाऊन थांबतं, आणि ती गोष्ट हलकीफुलकी नाही. मास्तरांना पटली तर छापतील.

मला सगळे हसू म्हणतात. मी मूळचा गव्हाणचा. शिक्षणासाठी पनवेलला मामाकडे राहिलो तेव्हा नझीर माझ्या बाकावर बसायचा. मोहल्ल्यातला, कोकणी मुसलमानाचा मुलगा. त्याचे वडील हुसेनचाचा स्वतःची अँबॅसडर भाड्याने चालवायचे. नवरी सासरी पोचवायची असो की बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो, हुसेनचाचांना निरोप जायचा. शाळा सुटल्यावर मी गॅरेजात कामाला लागलो आणि आयुष्यात पहिलं इंजिन उघडलं ते त्याच गाडीचं. चाचा शेजारी स्टूल टाकून बसले होते. एकेक नट मी काढला की तो ते आपल्या रुमालावर ओळीने मांडून ठेवत.

नझीरला मात्र त्यांनी कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. "आधी लायसन, मग हात," म्हणायचे. त्याला लायसन मिळालं आणि महिन्याभरात कुवेतचा व्हिसा आला. तिकडे त्याने एकेचाळीस वर्षं क्रेन चालवली. सुट्टीवर यायचा तेव्हा गाडी धंद्यावर असायची. चाचा गेल्यावर ती अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली, ती बावीस वर्षं. नझीरच्या आईने ती ना विकू दिली, ना कोणाला चालवू दिली.

नझीर कायमचा परत आल्यावर एक दिवस गॅरेजवर आला. चहा संपवला आणि म्हणाला, "हसू, अब्बांची गाडी उठव."

मी जाऊन पाहिली. टायर जमिनीला चिकटले होते. सीटमधला काथ्या उंदरांनी ओढून काढला होता, वायरिंग कुरतडलं होतं. इंजिन जाम. दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर बोट आत गेलं.

"नझीर, हिच्यापेक्षा दुसरी घे," मी म्हटलं. "चांगल्या अवस्थेतली मिळेल. मी बघून देतो."

"दुसरी घ्यायची असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो यार?" मग त्याने चष्मा काढला. "उजवा डोळा जवळजवळ गेलाय. साखरेने खाल्ला. डाव्यात सुया देतायत. डॉक्टर म्हणतो, सध्या दिवसा चालवा, सावकाश चालवा. पण किती दिवस, ते मी सांगणार नाही म्हणतो."

त्याला फार काही नको होतं. कर्नाळ्याच्या खिंडीतून पेणला जायचं, आजोळच्या घरासमोर गाडी लावायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून तो त्या रस्त्याने कितीदा तरी गेला होता. आता एकदा स्वतः चालवत जायचं होतं.

"किती दिवस लागतील?"

"चार महिने," मी सांगितलं. हे मी मनापासून सांगितलं होतं.

जुनी गाडी चालू करणं आणि ती रस्त्यावर आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. चालू करायला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते आणि सिलिंडरमध्ये दाब लागतो. या तीन गोष्टी जमल्या की इंजिन बोलतं. रस्त्यावर आणायची तर ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, हॉर्न सगळं लागतं आणि त्यानंतर कागद लागतात. पंधरा वर्षांवरची गाडी तपासणीला न्यावी लागते, तरच तिची नोंदणी पुढे चालू राहते. तपासणारे साहेब पहिल्यांदा चेसिस नंबर बघतात. हा नंबर गाडीच्या पत्र्यातच ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, आणि ते आरसी बुकातल्या आकड्यांशी ताडून पाहतात. ही तीच गाडी, याचा दुसरा पुरावा नाही. माझ्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो : जुन्या गाडीच्या पत्र्याला हात लावण्याआधी नंबरचा ठसा घे आणि फायलीत चिकटव.

गाडी टोचन करून गॅरेजवर आणली. जाम झालेलं इंजिन जोर लावून फिरवायचं नसतं, मोडतं. मी प्लग काढून चारी भोकांतून डिझेल आणि रॉकेल सोडलं आणि रोज सकाळी पाना लावून हलकेच हिसका द्यायला लागलो. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी ते बोटभर हललं. नझीर शेजारी उभा होता. त्याने माझ्या तेलकट हाताचा मुका घेतला. मी म्हटलं, "अरे, वास येईल." तो म्हणाला, "येऊ दे."

तो रोज यायचा. स्टुलावर बसून रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुवायचा. प्रत्येक नट डाव्या डोळ्याजवळ नेऊन बघायचा, मग पुसून ठेवायचा. तिसऱ्या महिन्यात इंजिन बसलं, ब्रेक झाले, नवं वायरिंग ओढलं. पत्र्याचं काम चालू होतं. ते करायला माझ्याकडे शंकर नावाचा हुशार कारागीर होता. तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि त्याच आठवड्यात एक दिवस नझीर डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून बायकोचा हात धरून आला. डोळ्याच्या आत थोडं रक्त उतरलं होतं. पट्टी दोन दिवसांत निघणार होती.

"हसूभाई, घाबरू नका," रुखसानाभाभी म्हणाल्या. "या वेळेला निभावलं."

नझीर एवढंच म्हणाला, "जरा लवकर कर."

शंकरची वाट न बघता मी स्वतः ग्राइंडर हातात घेतला. बॅटरीच्या मागच्या बाजूचा पत्रा आम्लाने खाऊन त्याची जाळी झाली होती. वर जुन्या रंगाचे आणि पुट्टीचे जाड थर होते. तो वीतभर पत्रा मी चौकोनी कापून काढला, नवा तुकडा बसवला, वेल्ड मारला आणि घासून सपाट केला. रंग मारल्यावर सांधा दिसेना. पट्टी काढून नझीर आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "सांग बघू, कुठे जोडलाय?" त्याने डोळा जवळ नेला, बोट फिरवलं. "नाही सांगता येत," म्हणाला. मला फार बरं वाटलं. साठी उलटल्यावरही आपला हात चालतो, असं वाटलं.

कापलेला तुकडा भंगाराच्या पिंपात गेला. पिंप दर आठवड्याला भंगारवाला नेत असे.

गाडी चालू झाली तो दिवस मला कोणी परत दिला तरी मी घेणार नाही, कारण पुढचं सगळं त्याला चिकटून आलेलं आहे. पण तेव्हा आम्ही वेडे झालो होतो. तिसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडलं. आवाज इतका मऊ होता की बॉनेटवर ठेवलेला पेला हलत नव्हता. ट्रकवर चढवून गाडी नझीरच्या अंगणात नेली. कागद होईपर्यंत रस्त्यावर काढायची नाही, असं त्यानेच ठरवलं होतं. "विमा नाही. कुणी चाकाखाली आलं तर?" म्हणाला. मग तो स्टेअरिंगवर बसला आणि अंगणातल्या अंगणात बारा फूट पुढे गेला, बारा फूट मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शेजारपाजारचे लोक भिंतीवरून बघत होते. भाभी दारात उभ्या राहून हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या. नझीरने काच खाली करून मला विचारलं, "क्लच थोडा वर धरतोय ना?" मी म्हटलं, "थोडा." तो म्हणाला, "राहू दे. अब्बांचा पण वरच होता."

नझीरने ती गाडी एवढीच चालवली.

तपासणीच्या दिवशी साहेब चांगले भेटले. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, खाली वाकून स्टेअरिंगचे सांधे हलवून पाहिले. "काका, हल्ली असं काम बघायला मिळत नाही," म्हणाले. मग म्हणाले, "चला, नंबरचा ठसा द्या."

मी बॉनेट उघडलं. कागद धरला आणि पेन्सिल घासायला लागलो. कागद नुसता काळा होत गेला. मी आणखी थोडं बाजूला घासलं. तिथेही काळा. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा मला कळलं, मी स्वतः बसवलेल्या पत्र्यावर पेन्सिल घासतोय.

साहेबांनी बोट फिरवून पाहिलं. "इथला पत्रा नवीन आहे का?"

"माझ्या हातून कापला गेला साहेब."

"ठसा घेऊन ठेवलाय?"

"नाही."

नझीर माझ्याकडे बघत होता. काय झालंय हे त्याला अजून कळलं नव्हतं. पत्र्यावर रिव्हेट मारलेली नंबरची पाटी असते, ती हुसेनचाचांच्या काळातच गळून पडली होती. इंजिनचा नंबर जुळत होता, पण तो एकटा चालत नाही. साहेबांनी आवाज चढवला नाही. "तुमच्यावर माझा विश्वास आहे हो," ते म्हणाले, "पण मी कागदावर लिहू काय? चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच जातात." मग त्यांनी रीत समजावून सांगितली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा दाखला, मग मंजुरी आणि मग अधिकाऱ्यांसमोर नंबर पुन्हा ठोकायचा. "वेळ लागतो," म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात होतो. आमच्या भंगारवाल्याने माल ज्याला दिला होता त्याच्या ढिगावर चढून मी एकेक पत्रा उलटून बघत होतो. गाडीच्या निळ्या रंगाचा तुकडा दिसला की धावत जाऊन उचलायचो, आणि तो कुठल्या तरी कपाटाचा निघायचा. दुसऱ्या दिवशी ढिगाचा मालक जवळ येऊन म्हणाला, "काका, गेल्या महिन्याचा माल तळोज्याला भट्टीत गेला. हा नंतरचा आहे. उतरा खाली." घरी आलो तर हाताला ठिकठिकाणी कापलेलं. बायकोने हळद लावली. "कवापासून जेवला नाय तुमी," म्हणाली, "जगात काय तुमच्याच हातशी चूक झाली?"

चार दिवसांनी नझीर गॅरेजवर आला. एकटाच, रिक्षाने. स्टुलावर बसला.

"तुझ्याकडे आकडे ठोकायचे ते ठसे आहेत ना?"

होते. शून्यापासून नऊपर्यंत पोलादी ठसे, लाकडी पेटीत ठेवलेले. सुट्या भागांवर खुणा करायला वापरायचो.

"मग ठोक नंबर," तो म्हणाला. "आरसी बुकात नंबर आहे. तोच ठोक. खोटा नाही, खराच नंबर आहे. गाडी पण तीच. वर जरा गंज चढव. दुसरी तारीख घेऊ, दुसरे साहेब असतील."

"नझीर, हा गुन्हा आहे."

"कोणाचं नुकसान होतंय सांग. एक माणूस दाखव ज्याचं नुकसान होतंय."

मला दाखवता आला नाही. पण मी नाही म्हटलं. चाळीस वर्षांत माझ्याकडे नंबर बदलून मागायला कितीतरी लोक आले होते. एकाच्या अंगावर मी पाना फेकला होता. पोलीसवाले आपल्या घरच्या गाड्या माझ्याकडे आणत ते त्यामुळेच. हे सगळं मी नझीरला सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. रीतसर करू, मी स्वतः धावपळ करतो, दोन महिन्यांत मंजुरी आणतो, असंही सांगितलं. हे दोन महिने मी कुठून आणले होते, मला माहीत नाही.

तो ऐकत राहिला. मग उठला, स्टूल भिंतीला लावून ठेवलं. "ठीक आहे," म्हणाला. "तुझं नाव स्वच्छ आहे. राहू दे."

त्यानंतर तो गॅरेजवर आला नाही.

सात महिने लागले. कोणी अडवलं असं नाही. कधी एक कागद कमी पडायचा, कधी सही करणारा माणूस रजेवर असायचा, कधी हुसेनचाचांच्या नावातलं एक अक्षर दोन कागदांवर वेगळं निघायचं. वारस म्हणून नझीरच्या बहिणींच्या सह्या हव्या होत्या आणि त्यातली एक बहीण दुबईला होती. मी दर चार दिवसांनी जायचो, बाकावर बसायचो, परत यायचो. गॅरेजकडे लक्ष राहिलं नाही. शंकरने दुसरीकडे काम धरलं.

पाचव्या महिन्यात एका दुपारी भाभींचा फोन आला. म्हणाल्या, "हसूभाई, डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. पूर्ण." मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. मी भेटायला गेलो तेव्हा पट्टी निघाली होती. नझीर खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी पलंगाशी जाऊन उभा राहिलो.

"कोण?" त्याने विचारलं.

"हसू."

"बस. खिडकी तेवढी कळते," तो म्हणाला. "उजेड आहे की नाही, एवढं कळतं."

अर्ज तसाच सोडून द्यावा असं एकदा मनात आलं. पण मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून जात राहिलो.

दोन महिन्यांनी मंजुरी आली. अधिकारी समोर उभे राहिले आणि मीच, माझ्याच पेटीतल्या ठशांनी, हातोडीने एकेक आकडा ठोकला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गाडी पास झाली, पुढच्या पाच वर्षांसाठी. विमा उतरवला. सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी ती चालवत मोहल्ल्यात आणली. वाटेत सिग्नलला एका मोटरसायकलवाल्याने अंगठा दाखवला.

भाभी नझीरला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. त्याने बॉनेटवरून हात फिरवला, मग दरवाज्यावरून, मग हँडल धरून तसाच उभा राहिला.

"सगळं झालं," मी म्हटलं. "चल, बस. मी चालवतो. पेणला जाऊन येऊ."

"तू चालवणार, मी बाजूला बसणार," तो म्हणाला. "ते मी लहानपणी केलंय, हसू."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी काहीतरी बोललो असतो, पाय धरले असते. त्याने हँडल सोडलं आणि भाभींचा खांदा शोधला.

महिन्याभराने त्याने निरोप पाठवला, गाडीला गिऱ्हाईक बघ. मी भेटायला गेलो आणि विचारलं, कशाला विकतोस, राहू दे अंगणात, मी येऊन चालू करत जाईन. तो म्हणाला, "सकाळी बाहेर येतो तेव्हा हात तिलाच लागतो. रोज लागतो. मला नको."

माझ्या ओळखीच्या लोकांत ही गोष्ट पसरली आहे. पनवेलमध्ये काय पसरत नाही! काही जण माझं कौतुक करतात : एवढी पाळी आली तरी खोटा नंबर ठोकला नाही. मी मान हलवतो. ग्राइंडर चालवताना मी चुकलो, ते मला मान्य आहे. घाई होती, वय झालं होतं, चूक झाली. पण पेटीतले ठसे काढायला नकार दिला तेव्हा मी काय वाचवत होतो, हा विचार अजून सुटत नाही. माझं नाव वाचवत होतो. ते वाचलंही. पास झालेली गाडी मोहल्ल्यात नेली त्या दिवसानंतर गॅरेजचं शटर उघडावंसं वाटेना. पुढे सहा महिने कसंबसं उघडलं, मग बंद केलं.

गिऱ्हाईक पुण्याचं मिळालं. चाळिशीतले गृहस्थ, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांनी गाडी खालून, वरून, आतून पाहिली. "काका, काम फर्स्ट क्लास केलंय," म्हणाले. मी त्यांना चोक कधी ओढायचा ते सांगितलं, क्लच थोडा वर धरतो ते सांगितलं. नझीर दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि गाडीला सेल्फ मारला.

गाडी अंगणातून निघाली तसा नझीर उठून उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन थांबलो. तो मान तिरकी करून ऐकत होता.

"दुसरा टाकला," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तिसरा."

मग नाक्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात आवाज मिसळून गेला. तरी तो कान देऊन उभाच होता.

"गेली का?" त्याने विचारलं.

गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीच होती. समोर रिक्षा आडवी आली होती. मागचे लाल दिवे लागलेले मला स्वच्छ दिसत होते.

"गेली," मी म्हटलं.